अधिनियमातील ‘योग्य साधन’ आणि मराठीचे वाचन

अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा केंद्रीय अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. नव्या अधिनियमाने ते एकवीस केले आणि शाळांवर अनेक स्पष्ट कर्तव्ये लादली. या अधिनियमाची चर्चा आजवर बहुधा विधिज्ञांनी व समाजकार्यकर्त्यांनी केली आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तीत फारसा भाग घेतलेला दिसत नाही, ही गोष्ट काहीशी विलक्षण म्हटली पाहिजे. कारण शालेय शिक्षणासंबंधीची यातील सोळावे व सतरावे ही दोन्ही कलमे बऱ्याच अंशी भाषेविषयीच आहेत. अंध व बधिर मुलांना ‘सर्वांत योग्य अशा भाषांतून’ आणि संज्ञापनाच्या योग्य रीतींनी शिक्षण मिळावे, असे सोळावे कलम सांगते. पुस्तके, इतर अध्ययनसाहित्य व ‘योग्य’ साहाय्यक साधने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य द्यावीत, असे सतरावे कलम सांगते. योग्य म्हणजे काय, हे मात्र कोठेच सांगितलेले नाही. दृष्टिहीन मराठी मुलाच्या वाचनापुरता या एका विशेषणाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी अधिनियमातील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ हा ज्याचा पाया, ते सोळाव्या कलमातील कर्तव्य अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत लागू होते. विनामूल्य साधनांचा लाभ मात्र ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी नाही अशांनाच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात या दोन वर्गांची गल्लत करू नये असे बजावले आणि लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीत जखडून ठेवता येणार नाही असे ठरविले. परंतु साधनांविषयीची अट अधिनियमाच्या शब्दांतच असल्याने ती जागच्या जागी राहिली. ‘अकॉमोडेशन’ या शब्दासाठी मराठीत ‘सोय’ हा शब्द सर्रास योजिला जातो, तोही आम्हांस समाधानकारक वाटत नाही. सोय कोणी करतो आणि कोणी करून घेतो; तीत उपकाराची छटा आहे. ‘जुळवणूक’ या शब्दात ती छटा नाही, आणि बदल शाळेने करावयाचा आहे हेही त्यातून सूचित होते.

आता ब्रेलकडे वळू. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ब्रेल शिकण्यास साहाय्य करणे हे राज्यांचे स्वतंत्र कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. आपल्या अधिनियमात ब्रेल आहे, पण ते शिक्षकांच्या पात्रतेत आणि ‘वापरास उत्तेजन’ देण्याच्या कलमात विखुरलेले आहे. मुलाला ब्रेल शिकविलेच पाहिजे असे सरळ वाक्य आढळत नाही. ही उणीव शब्दांची आहे असे समजून सोडून देण्याजोगी नाही.

१९५१ साली स्वीकारलेली भारती ब्रेल ही पद्धती सहा बिंदूंच्या चौकटीत भारतीय भाषांतील समान वर्णांना समान चिन्ह देते. तिची रचना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. छापील देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने नंतर येते. पाय मोडल्याची खूण छपाईत वर्णाच्या खाली लागते, ब्रेलमध्ये ती वर्णाच्या आधी येते. स्वर आणि स्वरचिन्ह यांत भेद नाही. म्हणून ‘मऊ’ लिहिताना मधला अकार स्पष्ट लिहावा लागतो, एरवी त्याचे ‘मू’ होईल. थोडक्यात, बोटांनी वाचणाऱ्या मुलाला शब्दाची घटना वर्णावर्णाने कळते. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ ही युग्मे त्याच्या बोटांखाली निरनिराळी लागतात. कानाने ती कळत नाहीत, कारण प्रचलित मराठी उच्चारात हा ऱ्हस्वदीर्घभेद बहुतांशी लोपला आहे. जे मूल केवळ ऐकून शिकते आणि परीक्षेत लेखनिकाला मजकूर सांगते, त्याचे शुद्धलेखन कोणी तपासतच नाही; तपासले जाते ते लेखनिकाचे. बोलणारे यंत्र दिले म्हणजे ब्रेलची गरज संपली, हा समज आमच्या पाहण्यात शाळांतून वारंवार येतो. यंत्र स्वस्त पडते आणि ब्रेल शिकविणारा शिक्षक मिळणे कठीण, एवढेच त्यामागचे खरे कारण असावे.

आणि ते यंत्र तरी मराठी कसे वाचते? ऑस्ट्रेलियात २००६ साली आरंभ झालेला ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ‘ई-स्पीक’ या उक्तिसंश्लेषकात मराठीचाही अंतर्भाव आहे. या निःस्वार्थ उद्योगाविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. तथापि नियमांनी चालणाऱ्या कोणत्याही संश्लेषकापुढे मराठीने टाकलेले पेच लहान नाहीत. च, ज, झ या वर्णांना मराठीत तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार असून लिपीत त्यांसाठी एकच चिन्ह आहे. ‘चार’ या संख्येतील च आणि ‘चारा’ यातील च एक नव्हे. ‘तो शाळेत जात आहे’ आणि ‘त्याची जात कोणती’, ‘सुखाने जग’ आणि ‘सारे जग’, ‘जरा थांब’ आणि वार्धक्यवाचक ‘जरा’: या जोड्यांत लेखन एक आणि उच्चार दोन आहेत. वाक्यार्थ कळल्यावाचून निवड करता येत नाही. ज्या यंत्राचे उच्चारनियम हिंदीवर बेतलेले असतील ते सर्वत्र तालव्यच म्हणणार. अनुस्वाराचेही तसेच. ‘चंपा’ यातला म्, ‘संशय’ यातला अनुनासिक वकार आणि ‘घरं’ यातला केवळ लांबलेला अकार ही तिन्ही एकाच टिंबाची कामे आहेत.

यावर असे म्हणता येईल की मूल घरी मराठी बोलते, तेव्हा यंत्राची चूक ते मनात दुरुस्त करून घेईल. प्रौढ वाचक तसे करतो हे खरे. परंतु पहिली-दुसरीतल्या मुलाला अपरिचित शब्द प्रथम भेटतो तो याच आवाजात. ज्याच्या घरची भाषा कोरकू, गोंडी वा भिली आहे, त्याच्यापाशी तर दुरुस्तीचे साधनच नाही. त्याच्या दृष्टीने यंत्राची मराठी हीच मराठी होय.

उच्चाराच्याही आधी एक अडचण आहे, आणि ती सर्वांत क्षुद्र असूनही सर्वांत घातक आहे. गेल्या पिढीत मराठी अक्षरजुळणी ज्या टंकांत झाली, त्यांतील बरेचसे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीची चित्रे बसवून केलेले होते. असे पान डोळ्यांना निर्दोष दिसते. पडदावाचक त्यातून रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला ऐकवितो. युनिकोडमुळे हा प्रश्न तत्त्वतः सुटला, तरी जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर अजून वापरात आहे. युनिकोडमध्येही मराठीपुरता एक घोळ उरतोच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. यांतला दुसऱ्या शब्दातील आडवा रकार दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन भिन्न शब्द. शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो.

येथे स्वामित्वहक्काची सबब पुढे करता येणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम आवृत्त्या काढण्यास स्वामित्वहक्क अधिनियमात मुभा दिली, आणि अशा आवृत्त्यांविषयीचा मराकेश करार २०१४ साली मान्य करणारे पहिले राष्ट्र भारतच होते. अडलेले आहे ते मूळ संहिता शुद्ध संकेतांत जपून ठेवण्याच्या कंटाळवाण्या कामापाशी.

सतराव्या कलमातील दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासातून सूट देण्याची तरतूद या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. बधिर मुलाच्या किंवा विशिष्ट अध्ययनअक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत तिला समर्थनीय आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दृष्टिहीनत्वाने भाषा शिकण्यास मुळात बाध येत नाही. मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी ही दुसरी वा तिसरी भाषा असते. २०२० च्या राज्य अधिनियमाने ती सक्तीची केली आहे. तेथे मराठीचे ब्रेल पुस्तक नाही, यंत्र मराठी नीट वाचत नाही, म्हणून दृष्टिहीन मुलाला मराठीतूनच मोकळे केले, तर ती सवलत शाळेला मिळाली, मुलाला नव्हे. साधनाची अयोग्यता येथे मुलाच्या असमर्थतेच्या नावावर मांडली जाते, आणि अधिनियमाचे शब्द तिला आडकाठी करीत नाहीत.

राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेविषयीचा पंधरावा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. शिफारशीच्या स्वरूपाच्या मार्गदर्शक सूचनांनी भागणार नाही, किमान बंधनकारक मानके हवीत, हे त्यामागचे कारण होते. मानक कोणी लिहावयाचे, हा प्रश्न त्यातून आपोआपच उभा राहतो, आणि वाचनयंत्राच्या मराठीपुरता तो विधिज्ञांनी किंवा अभियंत्यांनी एकट्याने सोडविण्याजोगा नाही. प्राथमिक इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतील शब्दांची एक उच्चारसूची विद्यापीठांच्या भाषाविभागांनी करावी. तीत च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार, अनुस्वाराचे प्रकार आणि लुप्त अकार यांची नोंद असावी, आणि ‘जात’सारखे द्व्युच्चारी शब्द दोन दोन वाक्यांसह द्यावेत. एखादे साधन शाळेसाठी खरेदी करण्यापूर्वी या सूचीवर त्याची परीक्षा घेता येईल. काम दोन-तीन अभ्यासकांना वर्षभर पुरेल एवढेच आहे.