‘कृष्णाकाठ’ आणि शाळेतील फळा

यशवंतराव चव्हाण यांच्या आत्मचरित्राचा ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लेखकाचे निधन झाल्यामुळे ‘सागरतीर’ व ‘यमुनाकाठ’ हे योजिलेले पुढील खंड राहूनच गेले. या पुस्तकातील एक आठवण मात्र सर्वतोमुखी झाली आहे. आपण कोण होणार, असे शिक्षकांनी वर्गास विचारले असता इतर मुलांनी थोर पुरुषांची नावे लिहिली; या विद्यार्थ्याने स्वतःचेच नाव लिहिले. ही आठवण आम्हीही कित्येक वर्षे प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगत आलो आणि तिचे तात्पर्य फळ्यावर लिहीत आलो.

जसोंडीसारख्या, बऱ्हाणपूरकडील गावांत घरी मराठी बोलणारी आणि केळीच्या बागांत आईबापांबरोबर राबणारी मुले पुष्कळ आहेत. अशाच एका दोनदा नापास झालेल्या मुलाने एकदा आम्हांस विचारले, “सर, ते मॅट्रिक कितव्या वर्षी झाले?” आम्हांस उत्तर देता आले नाही. पुस्तक पुन्हा उघडावे लागले.

उत्तर असे की, १९१३ साली देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव १९३४ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. वडील प्लेगने लवकर गेलेले, घरचा भार आई विठाबाई व थोरले भाऊ यांच्यावर. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच ते चळवळीत ओढले गेले आणि १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत यांच्यासारख्यांच्या सहवासात जे वाचन व चर्चा घडल्या, त्यांनी शाळेतील तूट भरून काढलीच. शिवाय शाळेस न देता आले असते तेही दिले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते १९३८ साली पदवीधर झाले.

आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोल येथेच आहे. लेखक आपल्या उशिराचे भांडवल करीत नाही, की त्याबद्दल लाजतही नाही. मोठेपणी लिहिणारा माणूस बालपणातील प्रत्येक खाचखळग्यास भावी यशाची पायरी ठरवू पाहतो. हा मोह येथे बऱ्याच अंशी टळला आहे. कथन १९४६ पाशी थांबत असल्याने मंत्रिपदांचा प्रकाश शाळकरी पोरावर मागून पडत नाही.

तुरुंगातील माफीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. माफी मागितली तर सुटका होईल, हे सांगण्यास मास्तर आईसमवेत येतात. निरक्षर आई मात्र मुलाने माफी मागू नये, असे सांगते. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. मुलाचे वर्ष बुडू नये, एवढेच आम्हां शिक्षकांस पुष्कळदा दिसते. लेखकाने त्यांस खलनायक केले नाही, यात त्याची संयत वृत्ती दिसते.

या संयमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुटून आल्यावर लहान मुलांबरोबर पुन्हा अभ्यासास बसताना त्या तरुणास काय वाटले असेल, हे जाणून घेण्याची वाचकाची ओढ पुरती भागत नाही. तुरुंगातील दिवस भरघोस उतरले आहेत; त्यामानाने परीक्षेचे दिवस त्रोटक वाटतात. आत्मचरित्रात शालीनता हा गुण खरा, परंतु ज्याला त्या ठिकाणी सोबतीची गरज आहे, असा वाचक तेथे थोडा एकटा पडतो.

तथापि अधिक मोठा दोष ग्रंथाचा नसून आम्हां शिक्षकांचा आहे. आम्ही त्यातून एक बाणेदार उत्तर उचलले आणि ते उत्तर खरे करण्यास लागलेली वर्षे पुस्तकातच ठेवली. केवळ उत्तर ऐकणाऱ्या मुलास वाटते की, थोर माणसास आपण कोण हे आधीच ठाऊक असते. वर्षांसह ऐकणाऱ्यास कळते की, मागे पडलेला विद्यार्थी संपलेला नसतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यास दुसऱ्या दिवशी दिले. यापुढे ती आठवण सांगताना फळ्यावर १९१३ आणि १९३४ हे दोन आकडेही लिहावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.