पाकपुस्तकात न मावलेली चूल

पाककृतींच्या जुन्या पुस्तकांकडे आपल्या समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिले नाही. बायकांची पुस्तके म्हणून ती बाजूला सारली. माझ्या मते ही चूक आहे. जातीचा इतिहास स्मृतिग्रंथांत आहे, तसाच तो फोडणीतही आहे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचे. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ सालची. तिच्यात पाककृतींबरोबर घरगुती औषधे आहेत, सणवार आहेत. एका ज्ञातीतल्या स्त्रियांनी आपले तोंडी ज्ञान कागदावर उतरवले, त्याचे मोल मी नाकारत नाही. पण ही पुस्तके काय बोलत नाहीत, तेही वाचले पाहिजे. पाकपुस्तकाची भाषा ‘घ्या’ची असते. नारळ घ्या, गूळ घ्या, तूप घ्या. घेण्यासाठी ते घरात असावे लागते, हे गृहीतच. सरपण कोणी फोडले, खरकटे कोणी उचलले, याला कृतीत जागा नाही.

माझ्या आईच्या तोंडी ‘घ्या’ नव्हते. ती विचारायची, ‘काय आलंय?’ जे आले त्यावर चूल ठरायची. मांसाच्या चान्या दोरीवर वाळायच्या. मी त्या आवडीने खायचो आणि शाळेत विचारले की सांगायचो, वरणभात. आईची चूल मी अशी रोज नाकारली.

म्हणून २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले, तेव्हा मी ते पाककृतींसाठी वाचले नाही, साक्ष म्हणून वाचले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाची ही नोंद आहे. त्या ताटात तेल, तूप, दूध जवळजवळ नाही. शीर्षकातच ‘पूर्णब्रह्मा’ला नकार आहे.

एका अभ्यासवर्गात एक जुने कार्यकर्ते चिडून मला म्हणाले, ‘बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडा, शिळे तुकडे मागू नका म्हणून सांगितलं. सोडलेलं पुन्हा कशाला उगाळता?’ प्रश्न खरा आहे. पण बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली, इतिहास विसरायला नाही. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी स्वतःच गोमांसाच्या प्रश्नातून अस्पृश्यतेचे मूळ शोधले. खाणे थांबवणे आणि लिहिणे थांबवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धोका दुसरीकडे आहे. २०२४ साली हे पुस्तक इंग्रजीत गेले. ते जावेच. पण उद्या चान्या हॉटेलच्या पाटीवर ‘अस्सल चव’ म्हणून चढल्या आणि त्यामागची भूक गळाली, तर ती दुसरी चोरी ठरेल.

शिक्षकांनो, विद्यार्थ्यांनो, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून कृती जरूर लिहून घ्या. मात्र साहित्याच्या यादीत प्रत्येक जिन्नसापुढे एक रकाना जास्त आखा: हे कोणाकडून आले, आणि कशाच्या बदल्यात? तो रकाना भरला, तरच आपले पाकपुस्तक पुरे होईल.