गाडगेबाबांचे कीर्तन : श्रोतृभान आणि सकारात्मक संदेश

प्रस्तावना :
संप्रेषणाच्या अध्यापनात श्रोत्याची जाण आणि सकारात्मक संदेश ही दोन तत्त्वे बहुधा स्वतंत्रपणे मांडली जातात. परिणामी सकारात्मकता म्हणजे गोड बोलणे, असा समज रूढ होतो. संत गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) कीर्तनाच्या आधारे या समजाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग अशी ठरलेली चौकट असते. गाडगेबाबांसमोर बसणारा समाज मात्र मुख्यतः शेतकरी, मजूर आणि अक्षरशत्रू होता. त्यांनी वऱ्हाडी बोली स्वीकारली आणि पंडिती निरूपणाऐवजी प्रश्नोत्तरांची पद्धत अवलंबिली. देवाला आंघोळ कोण घालतो, वस्त्र कोण नेसवतो, असे प्रश्न ते विचारीत आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घेत. निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून आल्यामुळे तो लादलेला वाटत नसे.

त्यांची वाणी मवाळ नव्हती. पशुबळी, दारू, अस्पृश्यता आणि कर्ज काढून घातलेल्या जेवणावळी यांवर त्यांनी कठोर प्रहार केले. परंतु निषेधापाशी ते थांबले नाहीत. वेळ पडल्यास जेवणाचे ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. नकारामागोमाग ऐपतीतील कृती येते, हीच त्यातील सकारात्मकता होय. हा उपदेश दारिद्र्याचा भार दरिद्री माणसावरच टाकतो, असा आक्षेप घेता येईल. तथापि गावात शिरताच स्वतः खराटा हाती घेणाऱ्या आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारणाऱ्या वक्त्याने त्या भारातील आपला वाटा आधीच उचललेला होता.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. स्पर्धा आणि बक्षिसे यांतून गावाच्या अभिमानाला आवाहन करणे ही त्याची जमेची बाजू होती. पुढे स्वच्छतेच्या मोहिमांत ‘गुडमॉर्निंग पथके’ आली आणि उघड्यावर शौचास बसणाऱ्याला गुलाबाचे फूल देऊन ओशाळवण्याचे प्रकारही घडले. येथे संदेशाचे रूप सकारात्मक असले, तरी श्रोत्याचे भान सुटलेले दिसते. त्या माणसाकडे शौचालयापुरती जागा आणि पाणी आहे काय, हा प्रश्न फूल देणारा विचारीत नाही. गाडगेबाबांनी रूढीला हास्यास्पद ठरविले. रूढीत अडकलेल्या माणसाला चारचौघांत एकटे पाडले नाही.

निष्कर्ष :
संदेशाची सकारात्मकता शब्दांच्या गोडव्यावर ठरत नाही. श्रोत्याची परिस्थिती ओळखून त्याला शक्य असलेली कृती दाखविणे आणि त्याची प्रतिष्ठा राखणे, या दोन कसोट्यांवर ती ठरते. श्रोतृभानाविना दिलेले फूलही अपमान ठरते. श्रोतृभान असेल, तर कठोर शब्दही स्वीकारला जातो.