सही जुळत नाही

कर्ज मंजूर करण्याआधी जागेवर जाऊन पाहणी करायची असते. गिरणीसाठी कर्ज मागणाऱ्याची गिरणी आणि म्हशींसाठी मागणाऱ्याच्या म्हशी (निदान गोठा तरी) आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि मगच कागद पुढे सरकवावा, असा आमच्या बँकेचा दंडक आहे. त्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीत, ऐन जेवणाच्या वेळी, अकरावी कॉमर्सच्या वर्गात बसणाऱ्या आमच्या कन्येने "बारावीनंतर मी जे. जे.ला जाणार, पेंटिंगला," असं जाहीर केलं तेव्हा मी मुळीच रागावलो नाही. वरणभात कालवत शांतपणे म्हणालो, "ठीक आहे. आधी पाहणी करू."

"कसली?"

"धंद्याची."

चित्रकला हा आमच्या घराण्यात कधी कोणी धंदा मानलेला नाही. तसं ते व्यसनही मानलेलं नाही, कारण ते परवडण्याची कोणाची ऐपत नव्हती. माझा स्वतःचा या कलेशी संबंध एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत संपला. स्मरणचित्राला 'पाणवठा' आला होता. माझ्या चित्रातल्या बाईच्या डोक्यावरची घागर बाईपेक्षा मोठी झाली आणि परीक्षकांना ती बाई घागरीखाली सापडली असावी असं वाटलं. मग मी बी. कॉम. झालो.

पाहणीला जाण्याआधी मागचे ताळेबंद तपासायचे असतात. चार दिवस कॅश बंद झाल्यावर मी तेही केलं. पहिलीच नोंद आरा यांची निघाली. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यातले के. एच. आरा हे आधी घरगडी म्हणून राबत, मोटारी धूत. भांडवल शून्य. त्याच ग्रुपातले सूझा, गोव्याच्या साळगावचे, त्यांना जे. जे.तूनच काढून टाकलेलं होतं. ही माहिती मी कन्येपासून लपवून ठेवली. मग आले वासुदेव गायतोंडे. त्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. हा आकडा मी दोनदा तपासला, शून्यं मोजून. पण पुढची ओळ वाचली आणि उत्साह मावळला. गायतोंडे गेले २००१ साली. म्हणजे खातेदार मयत झाल्यावर बारा वर्षांनी भाव आलेला. अशा प्रकरणात आम्ही फक्त नॉमिनीचं नाव विचारतो.

तर अशी तयारी करून एका रविवारी आम्ही तिघं रीगलच्या चौकात उतरलो. तिथल्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. ही इमारत म्हणजे मुळातला सर कावसजी जहांगीर हॉल. बांधला १९११ मध्ये. गॅलरी झाली १९९६ साली. मधल्या काळात या हॉलने काय काय पाहिलं! बड्या गवयांच्या मैफली, मग पुढे पुढे मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाची रिसेप्शनं, मालाचे सेल आणि कामगार संघटनांच्या सभा. आमच्या शाखेतले एक निवृत्त हेडकॅशियर अजून सांगतात, "अरे, त्या हॉलमध्ये मी महागाईभत्त्यासाठी इतका ओरडलोय की तीन दिवस काउंटरवर खुणेने पैसे दिले." आता त्याच हॉलमध्ये माणसं कुजबुजतात.

दारातच हिच्या हातातली पिशवी जमा करावी लागली. पिशवीत थालीपिठं होती.

"अहो, टोकन नीट ठेवा," ही म्हणाली.

आमच्याकडे लोक लॉकरमध्ये दागिने ठेवून निर्धास्त बाहेर पडतात. ही मात्र आत शिरल्यापासून दर दहा मिनिटांनी टोकन चाचपून पाहायला सांगत होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आधुनिक चित्रांच्या संग्रहालयात पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पाहणारे. मी घड्याळ लावून पाहिलं. सर्वसाधारण प्रेक्षक चित्रासमोर येतो, चित्राकडे चार सेकंद बघतो, मग दचकल्यासारखा बाजूच्या पट्टीकडे वळतो आणि ती पट्टी वीस सेकंद वाचतो. पट्टीवर काय असतं? नाव, साल, माध्यम, लांबी-रुंदी. हे म्हणजे जेवायला बसून ताटाचं वजन वाचण्यासारखं झालं. पण तेवढं वाचलं की माणसाच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. काहीतरी कळलं! मग तो परत चित्राकडे बघून मान डोलावतो आणि पुढे सरकतो. पट्टीवर 'शीर्षकरहित' असं लिहिलेलं असलं तर मात्र पंचाईत होते. बिननावाचं खातं उघडलेलं आमच्या बँकेत जसं कोणाला सहन होत नाही, तसं बिननावाचं चित्रही सहन होत नाही. गृहस्थ इकडेतिकडे पाहतो, कोणी आपल्याला 'अडाणी' म्हणून नोंदवून तर घेत नाही ना, याची खात्री करतो आणि दोन पावलं मागे सरतो. या दोन पावलांचा मी बराच अभ्यास केला आहे. चित्र कळलं नाही की माणूस दोन पावलं मागे सरतो. फारच कळलं नाही की डोळे बारीक करतो.

मीही तेच करत होतो, हे कन्येने नंतर सांगितलं.

याला केवळ प्रेक्षक जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. भिंतीवर जो मजकूर लावतात तोही कमी नसतो. एका दालनात (कुठल्या ते विचारू नका, मुंबईत दालनं पुष्कळ आहेत आणि मला पुन्हा आत जायचं आहे) मी एक वाक्य तीनदा वाचलं होतं. त्यात अवकाश होतं, अस्तित्व होतं, विखंडन होतं, फक्त क्रियापद सापडत नव्हतं. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वर्षानुवर्षं पचवलेल्या माणसाला जे वाक्य झेपत नाही ते सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन आलेल्या माणसाने कसं झेपवावं? असा मजकूर वाचून माणूस चित्राजवळ जायच्या ऐवजी लांब जातो. त्याला वाटतं, ही परीक्षा आहे आणि आपण पोर्शन करून आलेलो नाही. ही माझी खरी तक्रार आहे. चित्रांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती बिचारी गप्प असतात.

बरव्यांच्या बाबतीत मला सुरुवातीलाच हायसं वाटलं, कारण त्यांना नोकरी होती! विणकर सेवा केंद्रात, म्हणजे सरकारी. मी कन्येला कोपराने डिवचून ते दाखवलं. माणूस वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून हे सगळं करत होता. १९९५ साली गेला, पण आधी १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तकही लिहून गेला, आणि तेही मराठीत. शिवाय रंग कोणते वापरले? एनॅमल! आपण दारं-खिडक्यांना लावतो ते. हिला हे ऐकून फार बरं वाटलं. "आपल्या माळ्यावर अर्धा डबा पडलाय," ती म्हणाली.

चित्रांत होतं काय? घड्याळ. झाडाचं पान. अशाच घरातल्या-कचेरीतल्या साध्या वस्तू, आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. वस्तू ओळखू येत होत्या, हाच घोटाळा होता. घड्याळ कळलं, पान कळलं, पण घड्याळाशेजारी पान का, ते कळेना. दोन्ही नोंदी बरोबर आणि तरी टॅली होत नाही, असं झालं की मला रात्री झोप लागत नाही. मी एकेक जिना चढत वर घुमटाकडे जात होतो आणि फरक शोधत होतो.

मग एके ठिकाणी पाय दुखले म्हणून थांबलो. पट्टी वाचायचाही कंटाळा आला होता. समोर पानाची कड होती, एक लांब रेघ. मी ती रेघ बघत राहिलो आणि लक्षात आलं की हे काम तर मी रोज करतो.

बावीस वर्षं मी सह्या पाहतोय. लोकांना वाटतं सही म्हणजे नाव. छे! शंभरातल्या नव्वद सह्या वाचता येत नाहीत. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्यांची सही म्हणजे बसलेला उंट. एका कंत्राटदाराची सही म्हणजे अर्धवट तळलेली जिलबी. पण त्यांना आम्ही कधी विचारलं आहे का, की साहेब, याचा अर्थ काय? सही वाचायची नसते, ओळखायची असते. रेघ सुरू कुठून झाली, जोर कुठे दिला, पेन कुठे उचललं, एवढंच बघायचं. नक्कल करणारा जपून काढतो, म्हणून त्याची रेघ कापते. खरा मालक बेफिकीर असतो. नमुन्याशी अगदी हुबेहूब जुळणारी सही आली की आम्हाला उलट जास्त संशय येतो.

एक पेन्शनर मास्तर दर महिन्याच्या तीन तारखेला यायचे. नमुन्याच्या कार्डावरची त्यांची सही फळ्यावर लिहावी तशी गोल, वळणदार. खाली एक लांब फराटा. दोन-तीन वर्षांत फराटा आखूड झाला. मग मधल्या वेलांट्या गेल्या. नियमाप्रमाणे 'सही जुळत नाही' असा शेरा मारून कागद परत करायला हवा होता. मी त्यांना समोर बसवून पाणी द्यायचो आणि दुसरी सही घ्यायचो. तीही जुळायची नाही. शेवटी शेवटी कागदावर एक लहरत गेलेली रेघच उरली होती. तिच्यात अक्षर नव्हतं, नाव नव्हतं, कार्डाशी काडीचं साम्य नव्हतं, आणि ती शंभर टक्के मास्तरांची होती. मी ती पास केली. कशावरून, हे मला ऑडिटरला कधीच सांगता आलं नसतं. सुदैवाने त्याने विचारलं नाही.

"बाबा, काय बघताय एवढं?" कन्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हात उचललेला नाही," मी म्हणालो.

"कुठे?"

"हे बघ. इथून निघाला तो इथे वळला आणि इथपर्यंत एका दमात आला. या वळणावर जरा थांबलाय. विचार केलाय. पण पेन उचललेलं नाही."

"ब्रश," ती म्हणाली. पण वाकून बघायला लागली. मग तिने मला दुसऱ्या चित्रातली एक रेघ दाखवली, मी तिला तिसऱ्यातली. मी बोट जरा जास्तच जवळ नेलं असावं, कारण स्टुलावरचा रखवालदार उठून आला आणि म्हणाला, "साहेब, हात नका लावू." आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला चित्राच्या फार जवळ गेल्याबद्दल हटकत होतं. आम्ही तसे अर्धा तास उभे होतो. पान घड्याळाशेजारी का, ते मला अजूनही माहीत नाही.

ही मधल्या काळात एका बाकावर बसून समोरच्या चित्राकडे बघत होती. "कसं वाटलं?" मी विचारलं. "मला नाही हो त्यातलं कळत," ती म्हणाली आणि लगेच पुढे, "पण ते खालचं करडं जरा जास्त झालंय." हीच बाई दादरला पन्नास साड्या उलगडायला लावते आणि एक्कावन्नावी, कारण न देता, घेते. तिथे ती दुकानदाराला कधी म्हणाल्याचं आठवत नाही, की मला त्यातलं कळत नाही.

बाहेर पडलो तेव्हा भूक लागली होती. पूर्वी शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत 'समोवार' होतं, तिथे चित्रकार तासन्तास बसत. ते २०१५ सालीच बंद झालं. टोकन देऊन पिशवी सोडवली आणि समोरच्या म्यूझियमच्या कुंपणालगत उभं राहून थालीपिठं खाल्ली. तिसऱ्या थालीपिठाला कन्येने हळूच विचारलं, "मग? पाहणीचा रिपोर्ट काय?"

"तारण काहीच नाही," मी म्हणालो. "उत्पन्नाची खात्री नाही. भाव आला तर मेल्यावर बारा वर्षांनी. असं प्रकरण आमचे मॅनेजर हातात धरणार नाहीत."

ती गप्प राहिली. थालीपिठाचा तुकडा हातातच होता.

"क्लास केव्हा सुरू होतोय?" मी विचारलं. "तो प्रवेश परीक्षेचा?"

पुढच्या आठवड्यात क्लासच्या फीचा चेक लिहिला. रक्कम आकड्यात, अक्षरात, सगळं व्यवस्थित. सही करताना ती टेबलाशेजारी उभी राहून बघत होती. कधी नव्हे ते माझ्या मनात आलं की रेघ कशी येतेय.

चौथ्या दिवशी दुपारी क्लिअरिंगवाल्या सहकाऱ्याचा फोन आला.

"अहो, तुमचा एक चेक आलाय. सही जुळत नाही. तुमचीच आहे का?"

"कशी आहे?" मी विचारलं.

"जरा कापलीय. आणि शेवटी नेहमीपेक्षा लांब गेलीय."

"माझीच आहे," मी म्हणालो. "सोडा पुढे."