सोपं, पण कुणासाठी?

डिझाइनतज्ज्ञ डोनाल्ड नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले, तेव्हा त्यांनी ‘युजर एक्सपीरियन्स’ हे शब्द थेट आपल्या हुद्द्यातच घालून घेतले. वस्तू वापरताना माणूस वारंवार चुकत असेल, तर दोष ती घडवणाऱ्याचा, हा त्यांचा आग्रह. पुढच्या तीस वर्षांत तो धंद्याचा मंत्र झाला आणि त्यातलं ‘अडथळे काढा’ एवढंच उरलं. कुणाच्या वाटेतले, हे विचारायचं राहून गेलं.

ॲमेझॉन प्राइमचंच पाहा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये केलेल्या तक्रारीनुसार, सदस्यत्व सोडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत. कंपनीत या वाटेला ‘इलियड’ म्हणत, असंही त्या तक्रारीत आहे. होमरच्या युद्धकाव्याचं नाव सुचलं, म्हणजे आपण काय बांधतोय याची कुणाला तरी पक्की जाण होती! २०२५ मध्ये आरोप मान्य न करता कंपनीने अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली.

अशा फसव्या रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांचे १३ प्रकार नोंदवले: टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, खोटी घाई लावणं, विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ असं कबूल करायला लावणं. यादी चांगली आहे. पण नियम पाहतात पडदा, आणि डाव ठरतो पडद्यामागच्या मोजमापात. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या लोकांपुढे ठेवायच्या, जास्त कमावणारी ठेवायची. असं शंभरदा केलं की कुणाच्याही मनात कपट नसताना सापळा आपोआप तयार होतो. डिझायनर मंडळी याबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण पगारवाढ त्याच आकड्यांवर ठरते.

 

या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नवा विचार उलट दिशेचा आहे: काही ठिकाणी अडथळा हवाच. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तरी ‘पैसे मिळतील, पिन टाका’ असं सांगून भामटे लोकांना लुबाडत, आणि त्यासाठी पैसे मागण्याची सोय वापरत. सूचना लिहून झाल्या, जाहिराती झाल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाकडे पैसे मागण्याची ती सोयच बंद केली. दुकानदारांसाठी ती तेव्हा चालू राहिली. मित्राकडून जेवणाचा वाटा मागणं त्यामुळे किंचित अवघड झालं. त्याला आता फोनच करावा लागतो.