‘स्मृतिचित्रे’ : सोवळे आणि सचोटी

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) माहेरच्या मनकर्णिका गोखले. नावांचे हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. मात्र झाशीचे नाव ज्या १८५७ सालाशी कायमचे जोडले गेले, त्याच सालाची सावली या आत्मचरित्राच्या आरंभावरही पडलेली आहे. बंडाच्या त्या धामधुमीत लेखिकेच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचा असा काही ध्यास जडला, की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्यावाचून घरात येईना. या धुण्यापुसण्याचा सारा जाच घरातील बायकामुलांनी सोसला. लक्ष्मीबाई हे हसतहसत सांगतात. पण शुचिता म्हणजे काय आणि तिची किंमत कोण मोजतो, हा ग्रंथाचा मूळ प्रश्न येथेच उभा राहतो.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. मराठीतील ख्रिस्ती आत्मचरित्राला तोपर्यंत बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’ने एक वळण दिलेले होते. शंका, विचार, निर्णय अशा क्रमाने तेथे श्रद्धेची वाटचाल उलगडते. लक्ष्मीबाईंची वाट निराळी आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर कोसळलेले दुःख, झालेली ताटातूट आणि नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस त्या नंतरच्या श्रद्धेचा मुलामा न देता सांगतात. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी स्पर्शास्पर्शाच्या कल्पना एका दिवसात गळून पडल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळातील संकोच, हट्ट आणि माघार यांतले काहीही त्या लपवीत नाहीत. स्वतःविषयी खोटे न सांगण्याची ही वृत्ती हाच या आत्मचरित्रातील ख्रिस्ती सचोटीचा पहिला पुरावा मानावा लागेल.

दुसरा पुरावा संसाराच्या जमाखर्चात सापडतो. टिळक कमालीचे उदार होते. सामानासाठी दिलेले पैसे वाटेत भलत्याच कामी खर्च व्हावेत, मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणू नये, असा त्यांचा स्वभाव. चरित्रकार अशा उदारतेचे गुणगान करून थांबतो. लक्ष्मीबाई मात्र त्याच प्रसंगात रिकामा डबाही दाखवतात. एकाच्या औदार्याची भरपाई दुसऱ्याला घर चालवून करावी लागते, हे मराठी गद्यात इतक्या निर्वैरपणे क्वचितच सांगितले गेले असेल. वडिलांचे सोवळे आणि पतीचे दातृत्व या गोष्टी एका तोलाच्या नव्हेत. लेखिकाही तसे म्हणत नाहीत. तरीही दोहोंना लावलेली कसोटी एकच आहे : कोणतेही पावित्र्य घरातल्या माणसांच्या वाट्याला काय देते?

या कसोटीला टिळक पुष्कळदा उतरतातही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, त्यांच्या अहमदनगरच्या घरी राहिले. त्यांनी धर्म बदलला नाही, आणि त्यावाचून त्या घरातील मायेला काही उणे पडले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. नोकरीपेक्षा अंतःकरणाची साक्ष त्यांनी मोठी मानली. पण येथेही ‘स्मृतिचित्रे’चा वाचक केवळ थोर निर्णय पाहत नाही, नोकरी सुटलेल्या घराकडेही त्याचे लक्ष जाते. तशी नजर त्याला लेखिकेनेच दिलेली असते.

एक मर्यादा नोंदवली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद तक्रारीची धार अनेकदा बोथट करतो. ज्या प्रसंगी राग रास्त ठरला असता, तेथेही हसू आधी येते. हे त्यांचे समंजसपण की त्या काळच्या पत्नीला उपलब्ध असलेली एकमेव भाषा, हे ठरवणे सोपे नाही. मात्र त्या हसण्यात पतीची अवहेलना नाही आणि स्वतःची फसवणूकही नाही.

१९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची थोरवी सामान्यतः घरगुती, बोलक्या भाषेत शोधली जाते. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या स्त्रीचे लेखन म्हणून तिचे कौतुकही होते. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. ही भाषा साधी राहिली, कारण तिला आपल्या माणसांविषयी आणि आपल्याविषयी कमीजास्त काही सांगायचे नव्हते. वडिलांच्या घरी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. लेकीने आपल्या आठवणी मात्र धुऊन घेतल्या नाहीत. जशा होत्या तशाच त्या वाचकापुढे ठेवल्या.