'शोधगंगे'त न सापडणारं संशोधन

लातूरच्या पाण्यावर काम करायचं ठरवलंत तर आधी काय वाचाल? जर्नलमधले लेख. पण एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ती वेळ का आली हे कळायला भूजल सर्वेक्षणाचे अहवाल, एखाद्या कॉलेजातला लघुशोध प्रकल्प, चर्चासत्राची पुस्तिका असं काहीबाही लागतं. प्रकाशकाने बाजारात न आणलेल्या या लिखाणाला 'ग्रे लिटरेचर' म्हणतात. प्रादेशिक असमतोलावरचा केळकर समितीचा 2013 चा अहवालही यातच येतो.

हे सांभाळायचं काम विद्यापीठाच्या रिपॉझिटरीचं. आपण मात्र 'शोधगंगा' म्हटलं की विषय संपला असं समजतो. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं बंधनकारक केलं. त्यामुळे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले प्रबंधही घरबसल्या वाचता येतात. हे काम मोठंच आहे. तरी माझ्या दोन तक्रारी आहेत.

पहिली, प्रबंध दिसतो पण त्यामागची माहिती दिसत नाही. प्रश्नावली परिशिष्टात असते, मिळालेली उत्तरं संशोधकाच्या पेनड्राइव्हवर. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वसवलेल्या गावांत आज कुणी सर्व्हे केला, तर तुलना कशाशी करायची?

दुसरी, मराठी प्रबंध शोधताना हाती लागत नाहीत. स्कॅन केलेलं पान कॉम्प्युटरसाठी नुसतं चित्र असतं आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे अगम्य अक्षरं. मी 'पाणीटंचाई' टाकून रिकाम्या हाताने परतलो. तोच विषय पुढे इंग्रजी शीर्षकाखाली सापडला. तोवर सिनॉप्सिस देऊन झाला होता, 'या विषयावर काम झालेलं नाही' या वाक्यासकट! गाइडसमोर ते खोडताना काय वाटलं, ते सांगत नाही.

'चोरी होईल' ही भीती सगळेच सांगतात. उलट तारखेसह खुलं ठेवलेलं काम आपलं आहे हे दाखवणं सोपं जातं. खरी काळजी घ्यायची ती माहिती देणाऱ्यांची. त्यांची संमती घ्या, ओळख पटेल असा तपशील काढा.

तुमचा प्रबंध युनिकोडमध्ये टाइप करा. शीर्षक आणि सारांश दोन्ही भाषांत द्या. डीस्पेससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेव्हा सर्व्हेची माहिती कुठे ठेवता येईल हे ग्रंथपालांना जरूर विचारा. नाहीतर पाच वर्षांनी आणखी कुणीतरी तेच खोटं वाक्य लिहील, आणि त्या वेळी न सापडलेलं काम तुमचं असेल.